अंगण वाकडंच होतं

महाडात मी नाच शिकवते असं कुणाला कळलं की ते आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. नवरा वकील. सकाळी काळा कोट हातावर टाकून कोर्टात जातो, आणि घराच्या वरच्या मजल्यावर बायको दुसऱ्यांच्या पोरींना नाचवते, हे लोकांना अजून नीट पचलेलं नाही. सासूबाई होत्या तोवर बाजारात कुणी विचारलं तर 'सुनेचे व्यायामाचे वर्ग आहेत' असं सांगायच्या. मी त्यांना कधी टोकलं नाही. कथकमध्ये व्यायाम होतोच.

आमच्या गावाला शिकण्याचं वावडं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. अबॅकस आहे, इंग्रजी संभाषण आहे, झुंबा आहे, स्पर्धा परीक्षांचे क्लास तर औषधांच्या दुकानांहून जास्त आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिन्याभरात गिटार शिकवणारा एक जण येतो आणि महिना संपला की गिटारसकट जातो. करमणूकही भरपूर. गणपतीतल्या स्पर्धा, नवरात्रातला गरबा, शाळांची संमेलनं, आणि आता तर पहिल्या वाढदिवसालाही स्टेज घालतात. या सगळ्यात नाच असतोच, आणि तो ट्रॅकवर असतो. पेन ड्राइव्ह लावायचा, स्पीकरमधून गाणं येतं, त्यातच ढोलकी, त्यातच घुंगरू, आणि समोर पोरं हातवारे करतात. पायांना काही काम नसतं. पायात घुंगरू बांधलेच तर फोटोसाठी. इथल्या माणसाला नाचाचा आवाज येतो तो स्पीकरच्या खोक्यातून, पायातून येतो हे त्याला ठाऊकच नाही. पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा हात मोठा होता, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ज्या पोरीची ही गोष्ट, ती माझ्याकडे आली तेव्हा सातवीत होती. माणसं मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरउतारावर थोडी भातशेती. वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर, म्हणून सगळे बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहत. शाळेतल्या बाईंनी पाठवली म्हणून आली. शेअर रिक्षाने एकटी यायची, एकटी जायची. अंगावर शाळेचाच गणवेश, कारण मधे घरी जाऊन बदलायला वेळ नसायचा.

मी बऱ्याच पोरींना शिकवलं. बहुतेक जणी दोन पावसाळे टिकतात, मग दहावी येते, मग त्या रस्त्यात भेटल्या की 'बाई, खूप मिस करते' म्हणतात. ही टिकली. दिसायला चारचौघींसारखी, अभिनयात तर बेताचीच. कृष्णाची खोडी काढायला सांगितलं तर चेहरा असा करायची की कृष्णानेच माफी मागावी. पण पाय. असे पाय मला पुन्हा मिळतील असं वाटत नाही.

कथकमध्ये तत्कार म्हणून एक प्रकार असतो. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. एका जागी उभं राहून फक्त पायांनी लय वाढवत न्यायची. आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट, शेवटी पाय दिसेनासे होतात आणि नुसता आवाज उरतो. अवघड ते पुढेच आहे. पाय कितीही वेगाने चालले तरी कमरेच्या वरचं अंग हलता कामा नये. हात छातीशी धरलेले, मान ताठ, चेहरा शांत. मला माझ्या गुरूंनी डोक्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून शिकवलं होतं आणि मी ओली होत होत शिकले. हिलाही मी तसंच शिकवलं. सुरुवातीला रोज भिजून घरी जायची. दहावीच्या सुमाराला तांब्यातलं पाणी हिंदकळायचं थांबलं. मी खाली जाऊन आमच्या वकिलांना म्हटलं, वर येऊन बघा. ते आले, उभे राहून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हिचं अर्धं शरीर झोपलंय आणि अर्धं पळतंय." त्यांच्याकडून एवढी दाद म्हणजे खूप झाली.

बारावीनंतर तिला पुण्याला जाऊन नृत्याची पदवी घ्यायची होती. तशी सोय पुण्यात आहे, वसतिगृह आहे, मी ओळखीने चौकशीही केली होती. आईचं काही म्हणणं नव्हतं. प्रश्न वडिलांचा होता. एका रविवारी ते माझ्याकडे आले. चप्पल जिन्याखाली काढून वर आले, खुर्ची दिली तरी कडेवर टेकले. मी चहा केला. पुणं, पदवी, पुढे शाळांमधून मिळणारी नोकरी, सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मी काय बोलतो, माझा नकार नाय. पन मला त्यातला काय कळत नाय. ड्युटी अशी, की पोरीला कधी नाचताना बगितलीच नाय. आता तुमचा तो हॉल व्हतोय ना, तिथं ती नाचनार हाय बोलली. एकदा लोकांसमोर बगतो. मंग ठरवू."

याहून सरळ बोलणं काय असतं? मला तो माणूस आवडला. पोरीला हे सांगितलं तेव्हा तिने पायातले घुंगरू सोडलेच नाहीत, पुन्हा उभी राहिली.

आता त्या हॉलबद्दल.

गावात कार्यक्रमांसाठी एक सभागृह असावं असं एका मंडळाने मनावर घेतलं होतं. माणसं चांगली. व्यापारी, एक-दोन निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर. नाटक व्हावं, गाणं व्हावं, पोरांनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे मी नाकारत नाही. पण महाडच्या माणसाच्या मनात दुसरंही काही कायम असतं. सावित्रीचं पाणी. ज्याच्या त्याच्या भिंतीवर, दुकानाच्या खांबावर, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं त्याची खूण असते. माझा वर्ग तेव्हा तळमजल्यावर होता. पेटी फुगून फुटली. घुंगरू चिखलातून वेचून काढले, धुतले, वाळवले, पण आतल्या गोळ्या गंजल्या आणि आवाज कायमचा बसला. तेव्हापासून मी वरच्या मजल्यावर आहे. त्यामुळे पाण्याची भीती मला कुणी शिकवायला नको.

मंडळाने मला एका बैठकीला बोलावलं. मी दोनच गोष्टी मागितल्या. एक, स्टेजला लाकडी फळ्या हव्यात, फरशीवर नाचून पोरींच्या टाचा आणि गुडघे जातात. दुसरी, स्टेज बेताच्या उंचीचं हवं. पहिल्या मागणीवर मंडळाच्या सचिवांनी मान हलवली. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, पुरात सगळं गेलेलं. "बाई, लाकूड एका पुरात फुगतं. टाइल्स कशा, पाणी ओसरलं की पाइप लावून धुतल्या." दुसऱ्या मागणीवर त्यांनी नकाशा उलगडला. त्या जागेवर पाणी उभ्या माणसाच्या गळ्यापर्यंत आलं होतं, म्हणून स्टेज गळ्याच्याही वर घेतलं होतं. पुराचा इशारा आला की खुर्च्या, सोफे, साउंडचं सामान सगळं स्टेजवर चढवायचं, म्हणजे नुकसान नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात चूक शोधायला गेलं तर सापडायची नाही, एवढीच की स्टेज नाचासाठी असतं हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, पुढे बसलेल्यांना पाय दिसणार नाहीत."

सचिव हसले. "नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू बाई."

सगळे हसले. म्हण इतकी आयती होती की कुणालाही आवरली नसती. मी म्हटलं, "नाचता मला येतं, अंगण तुम्ही वाकडं करताय." त्यावर आणखी हसले. तेवढ्यात बटाटेवडे आले आणि 'बाईंची सूचना नोंदवून घ्या' असं कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे सूचना नोंदवली म्हणजे तिचं तेरावं झालं असं समजायचं.

उद्घाटनाच्या दिवशी मी दुपारीच जाऊन बसले. टाइल्स चकचकीत, त्यात तोंड दिसावं अशा. आमच्या वकिलांच्या एका अशिलाचं फर्निचरचं दुकान आहे, त्याच्याकडून मी प्लायवूड आणवलं आणि स्टेजच्या मधोमध अंथरलं. पायांचा आवाज नीट यावा म्हणून साउंडवाल्याकडून एक माइक प्लायवूडच्या शेजारी खाली ठेवून घेतला. तबल्याला पोलादपूरचे एक शिक्षक होते, आणि बोल मी म्हणणार होते. आम्ही दोघं स्टेजवर डाव्या हाताला बसणार होतो. पण तिथे टेबल आलं. टेबलावर शाली, नारळ, स्मृतिचिन्हं. "ते हलवता येणार नाही बाई," असं सांगून आम्हाला विंगेत, पडद्याआड बसवलं. मग नर्सरीतून फुलझाडांच्या कुंड्या आल्या. त्या स्टेजच्या पुढच्या कडेला ओळीने मांडल्या. त्यांच्याखाली पाहुण्यांच्या फोटोंचा फ्लेक्स. सगळं फार सुंदर दिसत होतं, असं सगळे म्हणाले.

आमच्याकडे एक रीत आहे. मूल स्टेजवर काही करणार असेल तर त्याच्या आईवडिलांचा सत्कार करायचा. रीत चांगली आहे. त्या रीतीप्रमाणे तिच्या आईवडिलांना पहिल्या रांगेत, पांढरे अभ्रे घातलेल्या सोफ्यावर, पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. वडिलांनी ड्युटी बदलून घेतली होती. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी अजून दिसत होती. विंगेतून मी त्यांना बघितलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कधी नव्हे ते या माणसाला कुणीतरी पुढे बसवलं.

मग सत्कार सुरू झाले. जागा देणाऱ्यांचा, नकाशा काढणाऱ्यांचा, विटा, वाळू, सिमेंट, टाइल्स देणाऱ्यांचा. वायरिंग करणाऱ्याचा. फ्लेक्स छापणाऱ्याचा, ज्याच्यावर त्याचाच फोटो नव्हता म्हणून तो आधीच रुसला होता. मग पाहुण्यांनी मंडळाचा केला आणि मंडळाने पुन्हा पाहुण्यांचा. नारळाला नारळ आपटेल अशी गर्दी. विंगेत ती पायात घुंगरू बांधून उभी. बसली तर झालर चुरगळेल म्हणून बसलीही नाही.

शेवटी सचिव घामाघूम होऊन विंगेत आले. "बाई, पाहुण्यांना पुढे एक कार्यक्रम आहे. जरा आटोपशीर घ्या. एकच काहीतरी करा."

आम्ही वंदना, थाट, तोडे, चक्री, एक छोटा अभिनय असं सगळं बसवलं होतं. किती महिने, ते मोजत बसत नाही. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, तत्कार करते. तेच माझं सगळ्यात चांगलं आहे. बाबांना तेच दाखवू."

मीही तेच सांगितलं असतं. आजही तेच सांगेन.

ती गेली. उभी राहिली. नमस्कार केला आणि हात छातीशी घेतले. मी बोल म्हणायला लागले. ता थेई थेई तत्. पहिल्या आवर्तनातच मला कळलं, आज हिला कुणी अडवू शकत नाही. माइकने आवाज उचलला आणि हॉलच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून घुंगरू घुमायला लागले. दुप्पट झालं, चौपट झालं. तबल्यावरचे गुरुजी माझ्याकडे बघून हसले, कारण आता त्यांनाच पळावं लागत होतं. आणि तिची मान ताठ, चेहरा शांत, खांदे देवघरातल्या समईसारखे स्थिर. तांब्या ठेवला असता तर थेंब सांडला नसता. मागच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. मागच्या उंच पायऱ्यांवर उभी असलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. पुढचे सोफे गप्प होते. मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या लोकांना टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात, त्यात नारळ असतो.

ती विंगेत आली ती धापा टाकत, डोळे चमकत. "बाई, एक मात्रा चुकली नाही."

"नाही चुकली," मी म्हटलं.

पाहुण्यांनी तिला स्मृतिचिन्ह दिलं आणि माइकवर म्हणाले, "या मुलीने अगदी मूर्तीसारखं स्थिर उभं राहून नृत्य सादर केलं, तिचं कौतुक." मला वाटलं, बघा, याला कळलं. स्थिरता कळली. मी उगाच लोकांना नावं ठेवते.

दोन दिवस ती आली नाही. मग तिचे वडील आले. या वेळीही चप्पल जिन्याखाली काढली, पण वर आल्यावर बसले नाहीत.

"बाई, तिला फार्मसीला टाकतोय," ते म्हणाले. "पुन्याचं राहू द्या."

मी विचारलं, काय झालं?

ते खाली बघत होते. "तुमी इतकी वर्सं मेहनत घेतली, तुमाला बोलायला जीवावर येतंय. पन पोरीला जमला नाय. लोकांना बगून घाबरली. गाना वाजत रायला आनि ती हात धरून उबीच. मी वाट बगतोय, आता करेल, आता करेल. काय नाय. मागची पोरं तर टाळ्या पिटून, शिट्ट्या मारून हसत व्हती. आमच्या गावात नमनाच्या खेळात कोन सोंग घेऊन आला आनि विसरला, तर अशाच टाळ्या पिटतात. तिची आय तर मान खाली घालून बसली."

मला काही क्षण कळेचना की हे कुणाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "अहो, ती नाचत होती. तो घुंगरांचा आवाज तिचाच होता."

"तो गान्यातला व्हता बाई. स्पीकरमंदनं येत व्हता."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गळ्याएवढं स्टेज. त्याच्यापुढे कुंड्या. खाली खोल सोफा. आम्ही दोघं पडद्याआड. त्यांना फक्त कमरेच्या वरची पोरगी दिसली, आणि कमरेच्या वर तिने हलायचं नाही हे मीच तिला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. जरा वाईट नाचली असती, जरा खांदे उडाले असते, तर बापाला कळलं असतं की पोरगी काहीतरी करतेय.

मी त्यांना सगळं समजावलं. स्टेज उंच आहे, पुढून पाय दिसत नाहीत, मी बैठकीत सांगितलं होतं, ऐकलं नाही कुणी. मी बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या माणसाच्या मनात खोट नव्हती, कुत्सितपणा नव्हता. ते हळूच म्हणाले, "बाई, ऱ्हाव द्या. नाचता येईना अंगण वाकडा, तशातली गत व्हते. तुमी तिच्या बाई, तुमी तिची बाजू घेनारच."

मी म्हटलं, आत्ता इथे बोलवा तिला, इथे बघा, या खोलीत.

"इथं करेल ती. बंद खोलीत सगळ्यांना येतं. लोकांसमोर उबी रायली ना. उद्या पुन्यात उबी रायली तर? पोटच्या पोरीचं हसं करून घ्यायला कशाला धाडू?"

मग मी पुरावा शोधला. मंडळाच्या फोटोग्राफरकडून व्हिडिओ मागवला. त्याने सगळे सत्कार नारळासकट टिपले होते, आणि तत्कार मात्र स्टेजच्या खाली उभं राहून, कुंड्यांवरून, चेहऱ्याचा क्लोजअप. मागच्या पोरांपैकी एकाने मोबाइलवर घेतलं होतं म्हणून कळलं. त्याला गाठलं, तर त्याने त्याची रील करून वर भलतंच गाणं चढवलं होतं आणि मूळ उडवून टाकलं होतं. आमचे वकील म्हणाले, "तुझी केस खरी आहे, पण टिकणार नाही." हॉल उघडून वडिलांना सोफ्यावर बसवावं म्हणून मी सचिवांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, लग्नसराई आहे, बुकिंग आहे. वडीलही यायला तयार नव्हतेच.

पोरीने घरी सांगून बघितलं होतं. "बाबा, मी नाचत होते." ते म्हणाले होते, "व्हय गो, नाचत व्हतीस." आजारी माणसाला म्हणतात तसं. मुंबईहून आलेली चुलत भावंडं तिला 'स्टॅच्यू' म्हणायला लागली. एकदा ती माझ्याकडे आली, घुंगरू खुंटीला अडकवले आणि म्हणाली, "इथेच राहू देत, घरी सगळे बघतात." रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. अर्ज करायची मुदत तशीच निघून गेली.

मी रागीट आहे. हे माझ्या माहेरचेही सांगतील. पण तोवरचा राग कुणावर तरी असायचा, या वेळी तो ठेवायला जागाच सापडेना. सचिवांचं दुकान बुडालं होतं. बाप पोरीला जपत होता. पाहुण्यांनी कौतुक केलं होतं. सगळे आपापल्या परीने भलेच. अशा भल्या माणसांच्या गावात पोरगी उभ्या उभ्या बुडाली, पाणी न येता. मी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं बंद केलं. तिथे तसंही लग्नंच होतात, आणि लग्नाला तो हॉल फार सोयीचा आहे. नवरा-नवरी सगळ्यांना कमरेपर्यंत छान दिसतात.

मधे वर्ष गेलं असेल. परवाच्या शनिवारी माझा लहान मुलींचा वर्ग चालू होता. जिन्यात पावलं वाजली आणि तिचे वडील दारात येऊन उभे राहिले. कपडे लग्नाचे, कपाळाला अक्षतेचा दाणा चिकटलेला.

"बाई," ते म्हणाले, "कारखान्यातल्या एकाच्या पोराचं लगीन व्हता. त्या हॉलमंदी."

मी मुलींना थांबायला सांगितलं नाही. त्या पाय मारत राहिल्या.

"मी जेवनाचा ताट घेऊन मागं पायऱ्यांवर उबा व्हतो. बारकी पोरं स्टेजवर नाचत व्हती. त्यांच्या पायातले बूट दिसत व्हते मला. मंग मी पुढं गेलो, सोफ्यावर बसलो. तर पाय नाय. नुसती डोकी नि हात. परत मागं आलो. परत पाय." त्यांनी हाताने ताट धरून दाखवलं. "लोक बोलले, याला काय झाला, ताट घेऊन फिरतोय."

मी हातावर ताल देत होते.

"ती नाचत व्हती," ते म्हणाले.

"हो."

"मंग त्या मागच्या टाळ्या..."

"खऱ्या होत्या."

त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, तिला घरी जाऊन सांगतील. पण त्यांना तेवढाही दम निघाला नाही. तिथेच उंबऱ्याशी उभं राहून लावला. कानाला लावायचं सुचलं नाही, त्यामुळे तिचं 'हॅलो' मलाही ऐकू आलं.

"गो, त्या हॉलमंदी पुढनं पाय दिसत नाय," ते म्हणाले. "मी आज बगितलं. मागनं दिसतात."

 पलीकडून कॉलेजातली बडबड, काचेच्या भांड्यांचा आवाज. मग ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना बाबा."

"व्हय. सांगितलं व्हतंस."

"माझं प्रॅक्टिकल आहे. ठेवते."

फोन बंद झाला तरी ते तो हातात धरून होते. माझ्या मुली तत्कार करत होत्या, वेड्यावाकड्या, एकीचे खांदे उडतायत, दुसरी लय सोडून पळतेय. ते त्यांच्या पायांकडे बघत होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ती हेच करत व्हती?"

"हेच," मी म्हटलं. "पण चांगलं."

ते उंबऱ्यावरच बसले. मुलींचा वर्ग संपेपर्यंत बसून होते. मी त्यांना चहा विचारला नाही.